माया संस्कृतीची प्राचीन नगरे कशी पाहावीत

माया लोकांची प्राचीन नगरे आजच्या पाच देशांत विखुरलेली आहेत: मेक्सिकोचा आग्नेय भाग, ग्वाटेमाला, बेलीझ, आणि होंडुरास व एल साल्वादोर यांचा पश्चिमेकडील पट्टा. त्यांपैकी पाच-सहा नावे सहलींच्या जाहिरातींत वारंवार येतात आणि बहुतेक प्रवासी ती सगळी एका आठवड्यात उरकण्याचा बेत आखतात. तसे केल्यास पायऱ्या, दगड आणि ऊन यांपलीकडे फारसे काही लक्षात राहत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी उंच पिरॅमिड, राजवाडा आणि चेंडूचे मैदान दिसते आणि तिसऱ्या दिवसापासून ती सारी एकसारखी वाटू लागतात. प्रत्यक्षात ती मुळीच एकसारखी नाहीत. एखादे माया नगर पाहायचे म्हणजे तेथे पाणी कोठून येत होते, चौकात कोण जमत होते, शिलालेख कोणाविषयी बोलतात आणि समोरच्या इमारतीच्या पोटात आणखी किती जुन्या इमारती दडल्या आहेत, याचा जागेवर उभे राहून शोध घ्यायचा. त्यासाठी कमी नगरे निवडावीत आणि प्रत्येकाला भरपूर वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा दिवसांच्या प्रवासात तीन मोठी नगरे आणि त्यांच्या आसपासची दोन-तीन लहान स्थळे एवढे पुरेसे आहे.

निघण्यापूर्वी

काळाची ढोबळ चौकट मनात पक्की असावी. अभ्यासक माया इतिहासाचे तीन मोठे टप्पे मानतात. पहिला, इसवी सनाच्या २५० पूर्वीचा, ज्यात एल मिराडोरसारखी प्रचंड नगरे उभी राहिली. दुसरा, साधारण २५० ते ९०० या काळातील अभिजात टप्पा, ज्यात टिकाल, कालाकमुल, पालेंके आणि कोपान भरभराटीस आली. तिसरा, त्यानंतरचा, ज्यात सत्तेचे केंद्र उत्तरेकडील युकातान द्वीपकल्पात राहिले आणि अखेरीस तुलुमसारखी समुद्रकाठची तटबंद नगरे गजबजली. उश्माल आणि चिचेन इत्सा यांचा वैभवकाळ दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या सांध्यावर येतो. हे माहीत असले, की पालेंकेहून तुलुमला गेल्यावर तेथील लहान, ओबडधोबड मंदिरे पाहून निराशा होत नाही, कारण आपण काही शतके पुढे आलो आहोत हे ठाऊक असते.

आणखी दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. माया साम्राज्य असे काही नव्हते. प्रत्येक नगराचा स्वतंत्र राजा होता, आणि टिकाल व कालाकमुल या दोन बलाढ्य नगरांच्या दीर्घ वैरात इतर अनेक नगरे या ना त्या बाजूला ओढली गेली. दुसरे म्हणजे माया लोक नाहीसे झालेले नाहीत. दक्षिणेकडील नगरे नवव्या शतकात एकामागून एक ओस पडली हे खरे, आणि त्यामागे दीर्घ अवर्षण, युद्धे आणि राजसत्तेवरचा उडालेला विश्वास अशी अनेक कारणे एकत्र आली असावीत असे मानले जाते. परंतु त्यांचे लक्षावधी वंशज आजही याच भूमीत राहतात आणि सुमारे तीस माया भाषा बोलतात. आपल्याला तिकीट देणारी, होडी चालवणारी किंवा वाट दाखवणारी व्यक्ती बहुधा त्यांच्यापैकीच असते.

कोणता प्रदेश निवडावा

नगरांची निवड प्रसिद्धीवरून न करता प्रदेशावरून करावी, कारण जंगलातील रस्ते आणि देशांच्या सीमा यांमुळे नकाशावर जवळ दिसणारी ठिकाणे प्रत्यक्षात एकेक दिवस खातात.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी युकातान सर्वांत सोयीचे आहे. मेरिदा शहरात मुक्काम ठेवून उश्माल आणि त्याच्या दक्षिणेकडील काबाह, सायिल व लाब्ना ही स्थळे दोन दिवसांत निवांत पाहता येतात. वायादोलिद येथे मुक्काम हलवल्यास चिचेन इत्सा, ‘एक बालाम’ आणि कोबा ही तिन्ही हाताशी येतात. येथे एक अडचण नेहमी होते: कानकुन आणि तुलुम ज्या किंताना रो राज्यात आहेत, तेथील घड्याळ युकातान राज्याच्या एक तास पुढे असते. त्यामुळे बसच्या वेळा कोणत्या राज्याच्या आहेत हे विचारून घ्यावे. चिचेन इत्सा आणि उश्माल येथे केंद्र व राज्य यांचे प्रवेशशुल्क वेगवेगळे घेतले जाते, म्हणून पेसो रोख जवळ असावेत.

चियापास राज्यात पालेंके मुख्य आहे आणि त्याला जोडून याश्चिलान व बोनाम्पाक पाहावीत. याश्चिलानला जाणारा रस्ता नाही. फ्रोन्तेरा कोरोसाल या गावातून उसुमासिन्ता नदीवरून होडीने जावे लागते, आणि ही नदीच मेक्सिको व ग्वाटेमाला यांची सीमा आहे. बोनाम्पाकच्या तीन खोल्यांतील भित्तिचित्रे इसवी सन ७९० च्या सुमारास रंगवली गेली. मिरवणूक, वाद्यवृंद, लढाई आणि बंदिवानांचे हाल त्यांत एवढ्या तपशिलाने आले आहेत, की माया दरबाराचे याहून जिवंत दर्शन दुसरीकडे होत नाही.

ग्वाटेमालाच्या पेतेन विभागात फ्लोरेस या तळ्यातील बेटावर राहून टिकाल, याशहा आणि वाशाक्तुन पाहता येतात, आणि तेथूनच पूर्वेकडे बेलीझमध्ये उतरून शुनान्तुनिच व काराकोल गाठता येतात. कोपान होंडुरासमध्ये आणि किरिग्वा ग्वाटेमालात असले, तरी या दोघांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला असल्यामुळे ती एकत्रच पाहावीत. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या चार देशांत मिळून एकूण ९० दिवसांच्या वास्तव्याची मर्यादा असते, हे लांबच्या प्रवासाची आखणी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मेक्सिकोतील कालाकमुलसाठी वेगळा दिवस राखावा. महामार्ग क्रमांक १८६ सोडल्यावर अभयारण्यातून सुमारे ६० किलोमीटर आत जावे लागते आणि त्या वाटेवर जेवणाची किंवा इंधनाची खात्रीची सोय नाही. मात्र तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या पिरॅमिडसमोर उभे राहिल्यावर हा फेरा सार्थकी लागतो.

ऋतू, वेळ आणि अंगावरचे कपडे

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत चालणे सुखाचे होते. एप्रिल-मेमध्ये उष्णता फार वाढते आणि जूननंतर पाऊस व चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो. फाटक उघडताच आत जावे. सहलींच्या मोठ्या बसगाड्या सकाळी उशिरा येतात, त्यामुळे पहिले दोन तास शांतता आणि तिरपा प्रकाश दोन्ही मिळतात. तिरप्या प्रकाशात झिजलेले कोरीवकाम उठून दिसते. भर दुपारी तेच दगड सपाट वाटतात.

पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, लांब विजार, पकड चांगली असलेले बूट, टोपी, डास पळवणारे मलम आणि प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी हे आवश्यक आहे. पायवाट सोडून झाडीत शिरू नये. विषारी साप हे एक कारण, आणि चेचेन नावाचे झाड हे दुसरे: त्याचा काळा चीक त्वचेला लागल्यास भाजल्यासारखे फोड येतात. ओळख नसलेल्या झाडाच्या खोडाला टेकू नये, हा नियम सोपा आणि पुरेसा आहे. जेथे चढण्यास परवानगी आहे तेथे पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, म्हणून चढता-उतरताना नागमोडी चालावे आणि पावसानंतर चढणे टाळावे.

नगरात शिरल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा

बहुतेक प्रवासी थेट सर्वांत उंच इमारतीकडे जातात. मी मात्र आधी पाण्याचा माग काढण्याचा सल्ला देईन, कारण नगर त्याच जागी का वसले आणि पुढे का थकले, याचे निम्मे उत्तर तेथे सापडते.

युकातानचा उत्तर भाग सच्छिद्र चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि पृष्ठभागावर नद्या जवळपास नाहीतच. जेथे चुनखडीचे छत कोसळून भूगर्भातले पाणी उघडे पडते, तेथे सेनोते नावाचे नैसर्गिक कुंड तयार होते. चिचेन इत्सा अशाच कुंडांच्या आधाराने वाढले. मुख्य चौकातून उत्तरेकडे जाणारा उंच बांधीव रस्ता ज्या मोठ्या कुंडापाशी संपतो, ते पिण्याच्या पाण्यासाठी नसून पर्जन्यदेवतेला अर्पण करण्यासाठी होते; त्यातून सोने, जेड, धूप आणि माणसांची हाडे मिळाली आहेत. उश्मालच्या परिसरात मात्र अशी कुंडेही नाहीत. तेथे पावसाचे पाणी जमिनीखाली खोदलेल्या, आतून चुन्याने लिंपलेल्या टाक्यांत साठवले जाई. पायवाटेकडेला अशा टाक्यांची गोल तोंडे दिसतात, ती आवर्जून शोधावीत. ती पाहिल्यावर तेथील भिंतींवर लांब नाकाच्या चाक या पर्जन्यदेवतेचे मुखवटे ओळीने का कोरले आहेत, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

टिकालमध्ये नदी नाही. तेथील चौकांना आणि रस्त्यांना चुन्याचा गिलावा करून असा उतार दिला होता, की पावसाचे पाणी वाहत जाऊन मोठ्या तलावांत साठावे. आज हे तलाव झाडीने भरलेले खोलगट भाग म्हणून दिसतात. याउलट पालेंकेमध्ये पाणी उदंड होते, इतके की ओतोलुम नावाचा ओढा राजवाड्याशेजारी दगडी बंदिस्त मार्गातून वळवावा लागला. तो मार्ग आजही पाहता येतो.

चौक, थर आणि टेकाडे

पाण्यानंतर चौकाच्या मधोमध उभे राहावे. माया स्थपतींनी इमारतींइतकाच विचार त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा केला होता. मंदिराच्या आतल्या खोल्या अंधाऱ्या आणि अरुंद असतात, कारण त्यांच्या कमानी दोन्ही बाजूंचे दगड थोडे थोडे पुढे सरकवून वर मिटवलेल्या असतात आणि अशा कमानीला मोठा गाळा पेलत नाही. आत राजा आणि पुरोहित यांच्यापुरतीच जागा होती. लोक बाहेर चौकात जमत आणि उंच जिना हाच रंगमंच असे. चिचेन इत्सा येथे कुकुल्कान या सर्पदेवतेच्या पिरॅमिडसमोर टाळी वाजवली असता पायऱ्यांवरून परतणारा प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा ऐकू येतो. या पिरॅमिडच्या चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत आणि माथ्याची पायरी धरून त्या ३६५ होतात. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांना दुपार कलल्यावर उत्तरेकडील जिन्याच्या कठड्यावर उजेडाचे त्रिकोण सापासारखे उतरतात. तो देखावा मागेपुढे काही दिवस दिसत राहतो, म्हणून नेमक्या दिवशीची प्रचंड गर्दी टाळून दोन-तीन दिवस आधी जाणे शहाणपणाचे आहे.

समोर दिसणारी इमारत ही बहुधा शेवटची आवृत्ती असते. जुने मंदिर न पाडता त्यावर नवे चढवण्याची पद्धत होती. कुकुल्कानच्या पिरॅमिडच्या आत आणखी एक पिरॅमिड आहे आणि त्यात लाल रंगाचे जग्वाराच्या आकाराचे आसन सापडले. कोपानमध्ये १९८९ साली एका पिरॅमिडच्या पोटात रोसालिला हे मंदिर जवळपास अखंड मिळाले. त्याची पूर्ण आकाराची रंगीत प्रतिकृती तेथील शिल्पसंग्रहालयात उभी आहे. ती पाहण्यापूर्वी बाहेरचे राखाडी दगड पाहावेत आणि नंतर पुन्हा एकदा पाहावेत, म्हणजे ही नगरे मुळात गडद लाल रंगाची आणि गुळगुळीत गिलाव्याची होती हे मनावर ठसते. पावसापासून बचावलेल्या कोपऱ्यांत आणि कमानींखाली तो रंग अजूनही सापडतो. टिकालच्या मंदिरांत दारांवरच्या तुळया चिकूच्या झाडाच्या टणक लाकडाच्या आहेत. हे झाड मूळचे याच जंगलांतले.

वाटेवर झाडांनी झाकलेली टेकाडे दिसतील. पेतेनच्या सपाट भूमीत असे नेटके टेकाड दिसले, की ती इमारत असण्याचीच शक्यता अधिक. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लेसर सर्वेक्षणात उत्तर ग्वाटेमालाच्या जंगलाखाली ६०,००० हून अधिक बांधकामे आढळली, आणि त्यांत घरे, बांध, रस्ते व तटबंद्या होत्या. उत्खनन झालेला भाग नगराचा अगदी थोडा अंश असतो. टिकालच्या चौथ्या क्रमांकाच्या मंदिरावर, सुमारे ६५ मीटर उंचीवर, लाकडी जिन्याने जाता येते, आणि तेथून दिसणाऱ्या अखंड हिरवाईकडे हे माहीत असलेल्या डोळ्यांनी पाहावे. पहाटे बहुतेक वेळा धुके असते आणि सूर्योदय दिसत नाही. केवळ त्यासाठी जाणाऱ्यांनी ही तयारी ठेवावी.

शिलास्तंभावरची तारीख वाचणे

माया लिपी वाचणे हा आयुष्यभराचा अभ्यास आहे, परंतु तारीख वाचणे तासाभरात शिकता येते आणि त्याने नगर बोलके होते. टिंब म्हणजे एक, आडवी किंवा उभी पट्टी म्हणजे पाच, आणि शिंपल्यासारखे चिन्ह म्हणजे शून्य. मजकूर चिन्हांच्या दोन-दोन उभ्या रांगांच्या जोडीने वाचतात: पहिल्या ओळीतील डावे चिन्ह, मग उजवे, मग खालची ओळ. आरंभी नेहमीपेक्षा मोठे चिन्ह दिसले, की त्यापुढे दिनगणना सुरू होते. तिच्यात अनुक्रमे १,४४,०००, ७,२००, ३६०, २० आणि १ दिवसांची एकके येतात, आणि मोजणीचा आरंभ इसवी सनपूर्व ३११४ च्या ऑगस्टमध्ये धरला जातो.

किरिग्वा येथील ‘ई’ शिलास्तंभ या सरावासाठी उत्तम आहे. जमिनीत गाडलेला भाग धरून तो १० मीटरहून उंच असून माया जगातील सर्वांत उंच शिलास्तंभ मानला जातो. त्यावरील ९.१७.०.०.० ही तारीख म्हणजे आरंभापासून १४,१८,४०० दिवस, अर्थात इसवी सन ७७१. ज्या राजाने तो उभारला, त्या काक तिलिव चान योपात याने ७३८ साली कोपानच्या राजाला पकडून त्याचा शिरच्छेद केला होता. ठार झालेल्या त्या राजाचे देखणे शिलास्तंभ कोपानच्या मोठ्या चौकात उभे आहेत. दोन्ही नगरे एकत्र पाहावीत असे वर म्हटले, ते यासाठी. कोपानमधील चित्रलिपीच्या जिन्यावर दोन हजारांहून अधिक चिन्हे आहेत, आणि तेथील ‘क्यू’ वेदीच्या चार बाजूंवर सोळा राजे क्रमाने बसलेले असून ४२६ साली राजवंश स्थापणारा पहिला राजा सोळाव्याच्या हाती राजदंड देताना दाखवला आहे. अशी दीर्घ गणनेतली शेवटची ज्ञात तारीख चियापासमधील तोनिना येथे मिळाली, आणि ती इसवी सन ९०९ ची आहे.

वागणूक आणि वाटाडे

फाटकापाशी अधिकृत ओळखपत्र असलेले स्थानिक वाटाडे भेटतात. मानधन, भाषा आणि वेळ आधी ठरवून पहिले दोन तास त्यांच्याबरोबर फिरावे आणि नंतर एकट्याने तीच वाट पुन्हा चालावी. चांगला वाटाडा बळी आणि भविष्यवाण्या यांच्या गोष्टींपेक्षा झाडे, दगड आणि राजांची नावे दाखवतो.

कोरीव भागाला हात लावू नये, कारण घाम आणि घर्षण यांनी चुनखडी झिजते. चढण्याबाबतचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात आणि बदलतातही. कुकुल्कानच्या पिरॅमिडवर आणि टिकालच्या पहिल्या मंदिरावर चढण्यास मनाई आहे. मेक्सिकोत तिपाई आणि ड्रोन वापरण्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. जमिनीवर पडलेला खापराचा तुकडाही उचलणे हा गुन्हा आहे, आणि जुनी वस्तू म्हणून कोणी काही विकायला आणल्यास ती कदापि घेऊ नये. चोरांनी शिलास्तंभ करवतीने कापून नेल्यामुळे अनेक राजांची चरित्रे कायमची अर्धवट राहिली आहेत. ग्वाटेमालातील नगरांत आजही माया पुरोहित अग्निविधी करतात. विधी चालू असेल तर दूर थांबावे आणि विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये.

संग्रहालये आणि त्यापुढची वाट

उत्कृष्ट वस्तू अवशेषांच्या जागी क्वचितच असतात. पालेंकेच्या पाकाल राजाची समाधी १९५२ साली पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांनी शोधली, पण ती पाहण्यास खुली नाही. शवपेटीची प्रतिकृती स्थळाजवळच्या संग्रहालयात आणि जेडचा मुखवटा मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात आहे. कालाकमुलचे जेडचे मुखवटे काम्पेचे शहरातील सान मिगेल किल्ल्यात पाहता येतात. शक्य असल्यास नगर आधी आणि संग्रहालय नंतर असा क्रम ठेवावा. वस्तू कोणत्या खोलीतून, कोणत्या जिन्याखालून आली हे तेव्हा डोळ्यांसमोर असते.

एवढे पाहून झाल्यावर ज्यांचे पाय आणि मन अजून मागे वळत नाहीत, त्यांनी एल मिराडोरचा विचार करावा. कार्मेलिता गावातून जंगलात काही दिवसांची पायपीट करून तेथे पोहोचता येते. सामान खेचरांवर लादलेले असते आणि रात्री तंबूत काढाव्या लागतात. सुमारे ७२ मीटर उंचीची दांता ही तेथील रचना इसवी सनापूर्वी उभी राहिली. कोरड्या महिन्यांतच, गावातील वाटाड्यांबरोबरच आणि शरीराची पूर्ण तयारी असेल तरच तेथे जावे, कारण पावसाळ्यात ही वाट गुडघाभर चिखलाची होते आणि वाटेत वैद्यकीय मदत मिळत नाही.